निम्म्यावर थांबलेला शब्द

दारातच तुमचा ओव्हरकोट काढून घेतात आणि हातात नंबराचा बिल्ला ठेवतात. जानेवारी १९८४, मॉस्को. बाहेर बर्फ आहे, आत ओल्या लोकरीचा वास, आणि त्या वासाच्या मागे खडूचा. ही एक शाळा आहे. माजी विद्यार्थ्यांचा मेळावा आहे, पुढच्या रांगांत शिक्षक मंडळी बसली आहेत. तुम्ही मागे भिंतीला टेकून उभे राहा. आज गाणाऱ्यांमध्ये एक हडकुळा, काळ्या केसांचा, कोरियन वळणाच्या चेहऱ्याचा पोरगा आहे, वय एकवीस. विक्तर त्सोय. सहा वर्षांनी तो मोटार अपघातात जाईल आणि सगळा सोव्हिएत देश त्याच्यासाठी रडेल. या सभागृहात ते फक्त तुम्हाला ठाऊक आहे.

तुमच्या लहानपणी घरात मॉस्कोहून आलेली मराठी पुस्तकं असतील, तर या शहराशी तुमची थोडी ओळख आहे. गुळगुळीत कागद, भक्कम बांधणी, आत गोर्की नाहीतर चेखव, आणि पहिल्या पानावर प्रगती प्रकाशन. त्या पुस्तकांतलं मॉस्को खोटं नव्हतं. पण आज तुम्ही ज्या मॉस्कोत उभे आहात, ते त्यांत कुठेच नव्हतं.

पडदा सरकतो. मधोमध उभा आहे प्योत्र मामोनव. वय बत्तीस, अंगात कार्यालयात जाणाऱ्या माणसाचा साधा कोट. तो याच शाळेत शिकला आणि याच शाळेने त्याला काढून टाकलं. शेजारी बास गिटार घेऊन शाळासोबती अलेक्सांद्र लिप्नित्स्की. काही महिन्यांपूर्वीपर्यंत लिप्नित्स्कीने बासला हातही लावला नव्हता. तो पत्रकारिता शिकलेला, जुन्या देवचित्रांचा संग्राहक. त्याचे सावत्र वडील विक्तर सुखोद्रेव हे ख्रुश्चेव आणि ब्रेझ्नेव यांचे दुभाषे. जगातल्या पुढाऱ्यांच्या कानाशी बसून शब्द इकडचे तिकडे करणारा माणूस. मामोनवने मित्राला सांगितलं की बास तू वाजवायचास, आणि तिशी उलटलेला तो गृहस्थ सुरांची बाराखडी गिरवायला बसला.

गाणं सुरू होतं आणि तुमच्या लक्षात येतं की गाणं हा शब्द इथे अपुरा पडतो. बास एकच तुकडा पुन्हा पुन्हा घोटत राहते. मामोनव एखादा क्षुल्लक शब्द उचलतो, रोजच्या बाजारहाटातला, आणि तो तोंडात घोळवतो, चावतो, थुंकतो, परत उचलतो. मग शरीर कामाला लागतं. आधी मान एका बाजूला जाते. मग एक गुडघा आत वळतो. हात कोपरापासून सुटल्यासारखा लोंबतो. चेहऱ्यावर मात्र रांगेत उभ्या असलेल्या माणसाची सभ्य शांतता तशीच आहे. फेफरं आलेल्या माणसाने आपल्याला काहीच झालेलं नाही असं दाखवायचा आटोकाट प्रयत्न करावा, तसं ते दिसतं. पुढच्या रांगेतल्या बाई हातातला रुमाल गच्च धरून बसल्या आहेत. तुमच्या शेजारचा तरुण आधी हसतो, मग त्याचं हसू थांबतं.

बँडचं नाव 'झ्वुकी मू'. रशियनमध्ये झ्वुकी म्हणजे आवाज, आणि संगीताला म्हणतात 'मूझिका'. म्हणजे 'झ्वुकी मूझिकी' म्हटलं असतं तर सरळ 'संगीताचे आवाज' झालं असतं. 'साउंड ऑफ म्युझिक' या सिनेमाचं रशियन नावही तेच. मामोनवने तो शब्द पहिल्याच अक्षरावर सोडून दिला. उरलं 'मू'. आपली गाय हम्मा करते, तिकडची 'मू' करते. जे संगीत व्हायला निघालं आणि वाटेत हंबरडा होऊन राहिलं, ते आम्ही वाजवतो, असं ते नाव सांगतं. माझ्या मते या माणसाची सगळी काव्यदृष्टी त्या एका अक्षरात आहे.

आता दोन-तीन वर्षं मागे चला. बोल्शोय कारेत्नी नावाची गल्ली. जुन्या पिढीचा लाडका कवी-गायक व्लादिमीर व्हिसोत्स्की तरुणपणी इथेच राहायचा, या गल्लीवर त्याचं गाणं आहे. मामोनवचं बालपणही इथलंच. वडील झोतभट्ट्यांचे तज्ज्ञ इंजिनिअर, आई स्कँडिनेव्हियन भाषांची अनुवादक. मुलगा मुद्रणकलेच्या संस्थेत शिकला, छापखान्यात जुळारी झाला, 'पायोनियर' या मुलांच्या मासिकात नोकरीला लागला, मुद्रितशोधक झाला. मग हळूहळू एकेक पायरी उतरत गेला: बॉयलरवर कोळसा-पाणी बघणारा, सार्वजनिक स्नानगृहातला नोकर, लिफ्टवाला, किराणा दुकानातला हमाल. मधल्या काळात आईच्याच वाटेने जाऊन अनुवाद करायचा. एकदा रस्त्यावरच्या मारामारीत कुणीतरी त्याच्या छातीत, हृदयाच्या अगदी जवळ, कानस खुपसली. तो मरता मरता वाचला.

जुळारी असण्याची गोष्ट मला महत्त्वाची वाटते. खिळे जुळवणारा माणूस शब्द वाचत नाही, अक्षरं उचलतो. एकेक, उलटं, शिशाचं, वजन असलेलं. मामोनवच्या कविता ऐका, म्हणजे ही सवय लगेच कळते. त्यांत उपमांची आरास नाही, मोठा शब्द क्वचित. 'सोयुझपेचात' म्हणजे चौकाचौकात उभी असलेली सरकारी वर्तमानपत्रांची काचेची टपरी. त्या टपरीवर त्याने गाणं केलं. शहरातल्या मळकट राखाडी पारव्याच्या तोंडून एक गाणं केलं; त्या पारव्याकडे उडता येण्यापलीकडे अभिमानाचं काही नाही. टपरी, पारवा, सोमवार, माशी. ज्या वस्तूंकडे कवी ढुंकून बघत नाहीत त्या त्याने उचलल्या, आणि त्यांच्याशी प्रेमात पडलेल्या, दारू प्यालेल्या, लाज वाटणाऱ्या माणसाच्या आवाजात बोलला.

या मागच्या काळात बँड वगैरे काही नाही. एक स्वयंपाकघर आहे. खिडकीच्या दोन काचांमधल्या फटीत कापूस कोंबलाय, टेबलावर काळा पाव आणि खारवलेली काकडी. मामोनवच्या हातात गिटार, तिला किती तारा आहेत याची त्याला फिकीर नाही. समोर सावत्र भाऊ अलेक्सेई बोर्तनिचुक, आई एकच, धाकटा. हाताला लागेल त्यावर तो ठेका धरतो, भांडी म्हणा, खुळखुळे म्हणा. तुम्ही स्टुलावर बसून ऐका. एक भाऊ बोलतो, दुसरा वाजवतो, आणि दोघांमध्ये घरातल्या भांडणासारखं काहीतरी चालू असतं. पुढे कितीही वादक आले-गेले तरी या गाण्यांचा कणा हाच राहिला. बोर्तनिचुक मग गिटारवर गेला, पाव्हेल खोतिन कीबोर्डवर आला, अलेक्सेई पाव्हलव ड्रम्सवर. संगीत समीक्षक आर्तेमी त्रोइत्स्की हाही सुरुवातीला काही काळ गिटार धरून त्यांच्यात उभा होता.

पुन्हा १९८४. शाळेतला कार्यक्रम झाला ते वर्ष रॉकवाल्यांसाठी वाईट आहे. 'वस्क्रिसेनिये' बँडच्या अलेक्सेई रोमानवला आदल्याच वर्षी बेकायदा कार्यक्रमांतून पैसे मिळवल्याच्या आरोपाखाली अटक झाली आहे. देशात रेकॉर्ड काढणारी कंपनी एकच, सरकारी 'मेलोदिया', आणि तिच्या दारात अशा लोकांना जागा नाही. मग गाणी फिरतात ती स्पूलच्या टेपवरून. तुमच्या मित्राच्या मित्राकडे दोन टेपरेकॉर्डर आहेत. तो एकावरून दुसऱ्यावर उतरवतो, त्यावरून आणखी कुणीतरी, आणि चौथ्या-पाचव्या प्रतीपर्यंत आवाजावर खरखरीचा थर चढतो. कार्यक्रम होतात ते कुणाच्या तरी दोन खोल्यांत. जमिनीवर मांडी घालून बसायचं, शेजाऱ्यांनी भिंत ठोकली की आवाज कमी करायचा. लिप्नित्स्कीच्या घरचा निकोलिना गोराचा दाचा, शहराबाहेरचं सुट्टीतलं घर, म्हणजे मोकळीक: झाडं, नदी, अंगण.

१९८५ मध्ये गोर्बाचेव येतात. मे महिन्यात दारूविरुद्ध मोहीम सुरू होते. दुपारी दोनच्या आत दुकानात दारू मिळेनाशी होते, आणि दोन वाजायच्या आधीच रस्त्यावर रांग वळण घेते. त्या रांगेत उभे राहा. पुढचा माणूस कोटाच्या खिशात हात खुपसून स्वतःशीच पुटपुटतोय, एका पायावरचं वजन दुसऱ्या पायावर टाकतोय, अचानक खांदा उडवतोय. शाळेच्या मंचावर पाहिलेलं नृत्य तुम्हाला आठवेल. मामोनवने ते कुठल्या नृत्यशाळेतून आणलं नव्हतं. लोक या बँडला 'रशियन लोकभ्रम' म्हणू लागले होते, आणि त्यातला 'लोक' हा शब्द मला जास्त खरा वाटतो.

याच सुमारास मॉस्कोत 'रॉक प्रयोगशाळा' सुरू होते. थोडा आसरा, थोडी पाळत. झ्वुकी मू तिथे दाखल होतो. आता सभागृहं मिळतात, पण त्याआधी गाण्यांचे शब्द टंकलिखित करून द्यावे लागतात आणि त्यावर शिक्का घ्यावा लागतो. आपल्याकडे नाटकाच्या संहितेला रंगभूमी परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं आणि 'सखाराम बाइंडर'च्या वेळी काय रण माजलं, हे ज्यांना आठवतं त्यांना हा शिक्का समजावून सांगायला नको. शिक्का मारणाऱ्याच्या टेबलाशी जाऊन उभे राहा. त्याच्यासमोरच्या कागदावर पारवा आहे, टपरी आहे, स्वतःला तुच्छ म्हणवणारा एक प्रेमिक आहे. राज्यकर्त्यांबद्दल अवाक्षर नाही. कागदावर खोडण्यासारखं काही सापडत नाही, कारण जे काही घडायचं ते कागदावर नाहीच. ते त्या वळलेल्या गुडघ्यात आहे, शब्द घशात अडकवून ठेवण्यात आहे. मान किती अंशात वाकवायची, यावर शिक्का मारायची सोय कुठल्याच सरकारकडे नसते.

१९८८. आता तुम्हाला स्टुडिओत नेतो, आणि इथे जरा वेळ थांबा. काचेच्या पलीकडे 'त्सेंत्र' बँडचा वासिली शुमोव बसला आहे. पाच-सहा वर्षं ही गाणी स्वयंपाकघरांत आणि सभागृहांत पिकत राहिली, नीट अशी ध्वनिमुद्रित कधी झालीच नाहीत. शुमोव ती भराभर उतरवून घेतो. नाव ठेवतात 'प्रोस्तीये वेश्ची', साध्या गोष्टी. आवाज कोरडा आहे, खोलीएवढाच. बास पुढे आहे, कीबोर्डचा सूर स्वस्त खेळण्यासारखा टिपटिपतो, आणि मामोनव तुमच्या कानापासून हातभर अंतरावर श्वास घेतो. एका ओळीच्या शेवटी तो शब्द पुरा करत नाही, नुसती हवा सोडतो. ती हवा टेपवर आली आहे. इतकं जवळून कवीचं तोंड ऐकायला मिळणं दुर्मिळ. त्याच वर्षी रशीद नुगमानवचा 'इग्ला' हा सिनेमा येतो. नायक त्सोय, आणि त्याच्यासमोर अमली पदार्थांच्या धंद्यातला डॉक्टर म्हणून मामोनव. देशभरच्या तरुणांनी त्याचा चेहरा पहिल्यांदा पाहिला तो असा.

आणि मग ब्रायन इनो मॉस्कोत येतो. टॉकिंग हेड्सच्या रेकॉर्डी घडवणारा, आदल्याच वर्षी यू-टूच्या 'द जोशुआ ट्री'ला हात लागलेला इंग्रज. तो मामोनवला मंचावर पाहतो आणि ठरवून टाकतो की हे आपण ध्वनिमुद्रित करायचं. काही काम मॉस्कोच्या सरकारी नभोवाणीच्या स्टुडिओत होतं, पुढचं लंडनमध्ये. १९८९ मध्ये इनोच्या कंपनीकडून रेकॉर्ड निघते, नाव नुसतं 'झ्वुकी मू'. परदेश दौरे सुरू होतात, ब्रिटन, अमेरिका. बॉयलरवरचा माणूस विमानात बसतो.

लंडनच्या त्या स्टुडिओत तुम्हीही कानाला हेडफोन लावा. सगळं स्वच्छ झालं आहे. प्रत्येक वाद्याला आपली जागा, मधे हवा, मागे खोली. इनोबद्दल मला आदर आहे. त्याने प्रेमानेच केलं, आणि त्याच्यामुळे रशियाबाहेरच्या लोकांना हे नाव कळलं. तरी माझं मत असं की गाण्यांच्या अंगावरचा तो ओल्या लोकरीचा वास या धुलाईत निघून गेला. ज्यांना शब्द कळत नव्हते त्यांच्यासाठी मामोनव एक विलक्षण दृश्य होता. घरी तो दृश्य नव्हता, शेजारी होता. रेकॉर्ड फार खपली नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही.

वाईट वाटलं ते बँडमधल्यांना, आणि ते वेगळ्या कारणाने. परदेशी रेकॉर्ड हातात आहे, आमंत्रणं येताहेत, आता कुठे सुरुवात झाली असं चौघांना वाटतंय, आणि १९८९ च्या अखेरीस मामोनव सांगून टाकतो की हा बँड संपला. ठरलेले काही कार्यक्रम उरकले जातात. लिप्नित्स्की आणि इतर मागे राहिलेले काही काळ 'अत्झ्वुकी मू' या नावाने वाजवतात, म्हणजे मूचे प्रतिध्वनी. त्या नावातला सल मराठी माणसाला सांगावा लागत नाही. तिशीत मित्राच्या शब्दाखातर बास शिकलेल्या लिप्नित्स्कीच्या जागी स्वतःला ठेवून बघा.

मामोनव परत जातो तो स्वयंपाकघराकडे. तो आणि धाकटा भाऊ, दोघंच. 'मामोनव आणि अलेक्सेई' नावाने १९९२ मध्ये रेकॉर्ड येते. दरम्यान १९९० मध्ये पाव्हेल लुंगिनच्या 'टॅक्सी ब्लूज'मध्ये त्याने दारूत बुडालेल्या सॅक्सोफोनवादकाची भूमिका केलेली असते. कान महोत्सवात लुंगिनला सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचं पारितोषिक मिळतं. झ्वुकी मू हे नाव तो मधूनमधून पुन्हा काढतो, वेगळ्या माणसांसह. १९९५ ची 'ग्रूबी झाकात' त्यातली. मग नाटकाचा मंच, एकट्याचे प्रयोग. ही मधली वर्षं मी भरभर ओलांडतोय, कारण तुम्हाला एका गावात वेळेवर पोचायचंय.

नव्वदच्या दशकाचा मध्य. मॉस्कोच्या नैर्ऋत्येला वेरेया नावाचं जुनं गाव, त्याच्याजवळचं एफानोवो. मामोनव कुटुंबासह शहर सोडून इथे येऊन राहिला आहे. दारू, मारामाऱ्या, मंचावरचं ते शरीर, हे सगळं ज्याने जगून घेतलं तो आता ऑर्थोडॉक्स चर्चच्या प्रार्थना म्हणतो. इथल्या घरात तो एकट्याने ध्वनिमुद्रण करतो. त्याच्या जुन्या चाहत्यांतल्या काहींना ही फारकत वाटली. मला तसं वाटत नाही. ज्याने इतकी वर्षं स्वतःला माशी आणि मळका पारवा म्हणवून घेतलं, तो शेवटी गुडघे टेकणार, यात मला सलगपणा दिसतो.

२००६ च्या 'ऑस्त्रोव' सिनेमाच्या चित्रीकरणाला उभे राहा. श्वेत समुद्राचा किनारा, केम गावाजवळ. करडं पाणी, शेवाळ, दगड. दिग्दर्शक पुन्हा लुंगिन. मामोनव आहे मठातला फादर अनातोली, तरुणपणी केलेल्या पापाचा भार वाहणारा. आणि या संन्याशाचं मठातलं काम कोणतं? भट्टीत कोळसा घालायचं. तो ढकलगाडीतून कोळसा ओढतोय, पुढचे दात पडलेले, कपाळावर काजळी. मॉस्कोतल्या बॉयलरवरचा तरुण तुम्हाला आठवला असेल. प्रार्थना म्हणता म्हणता त्याची मान किंचित एका बाजूला जाते, खांदा उडतो. शाळेच्या सभागृहात १९८४ मध्ये हीच मान होती. हा सिनेमा व्हेनिस महोत्सवाच्या समारोपाला दाखवला गेला आणि रशियात घराघरांत पोचला. ज्या आज्यांनी झ्वुकी मूची एक टेपही कधी ऐकली नव्हती, त्यांना हा माणूस साधुपुरुष वाटला.

२०१५ मध्ये त्याने तरुण वादक गोळा करून पुन्हा एक बँड उभा केला, नाव 'अगदी नवे झ्वुकी मू'. चौसष्ट वर्षांचा माणूस.

शेवटचा थांबा २०२१. मार्च महिना, निकोलिना गोरा. ज्या दाच्यावर बँडने उन्हाळे काढले, त्याच्याजवळ गोठलेल्या मॉस्क्वा नदीवर लिप्नित्स्की स्कीइंगला निघाला आहे. तुम्हाला ओरडून थांबवावंसं वाटेल, पण या प्रवासात तुमचा आवाज कुणालाच ऐकू जात नाही. बर्फ फुटतो. तो अडुसष्ट वर्षांचा होता. साडेतीन महिन्यांनी, १५ जुलैला, सत्तर वर्षांचा मामोनव मॉस्कोच्या रुग्णालयात कोविडने गेला. त्याला वेरेयाच्या दफनभूमीत पुरलं.

आता बिल्ला परत द्या, कोट घ्या, घरी या. 'प्रोस्तीये वेश्ची' हल्ली फोनवरही ऐकता येते. सुरुवात तिच्यापासून करा, इनोच्या रेकॉर्डपासून नको. रशियन येत नसलं तरी चालेल, शब्दांचे अर्थ मागाहून कुणाला तरी विचारा. रात्री स्वयंपाकघरातला दिवा तेवढा ठेवा, टेबलाशी बसा आणि तो ओळीच्या शेवटी शब्द कुठे सोडतो, तिकडे कान द्या.